मान हलू नये

"मान हलली, भाऊ," नानाजी म्हणाला. "पुन्हा."

जगदेवराव सरळ झाले आणि त्यांचं डोकं टांगलेल्या दिव्याच्या पत्र्यावर आपटलं. टेबलाच्या हिरव्या कापडावर सावल्या डोलल्या. गोटी भलतीकडेच जाऊन थांबली होती.

"आमच्यासारख्या लंब्या माणसाचं हे कामच नाई," टाळू चोळत ते म्हणाले.

रिसोडच्या आसपास त्यांच्याएवढा उंच माणूस नव्हता. बिलियर्डचं हे टेबल त्यांनी वाशीमच्या एका साहेबाकडून घेतलं, साहेब विलायतेला परतला तेव्हा, आणि मळ्यातल्या घरात आणून मांडलं. हौस कमी, हट्ट जास्त. वाशीमच्या क्लबात ते पहिल्यांदा काठी घेऊन वाकले तेव्हा कोणीतरी म्हणालं, उंट पाणी प्यायला बसला. सगळ्यांत मोठ्याने हसले ते त्यांचे होणारे सासरे. पहिली बायको मूलबाळ न होताच गेली होती. आता माघात रुख्मिणी घरात यायची होती. त्याआधी सासऱ्यांसमोर एक डाव नीट खेळायचाच, असं त्यांनी मनावर घेतलं होतं.

नानाजी हा धाकटा भाऊ. अकोल्याला शिकायला होता तेव्हा अभ्यास सोडून हा खेळ तेवढा शिकला. मोठ्या भावाची सारी शेती तोच पाहायचा. भाऊ त्याच्या मुलाला दत्तक घेणार, असं घरात सगळे धरून चालले होते. लग्नाची बोलणी झाली तशी ती गोष्ट कोणी पुन्हा काढली नाही. नानाजीने तोंड वाकडं केलं नाही. उलट शिकवण्याचं काम आपणहून अंगावर घेतलं, याचं गावात कौतुकच झालं.

शिकवायचाही मन लावून. टेबलाच्या कोपऱ्याशी फरशीवर त्याने खडूने दोन पावलं काढली.

"पाय इथंच. फाकवून. गुडघा सैल सोडा, म्हणजे कंबर आपोआप खाली येते. हनुवटी काठीवर. असं वाकल्यावर तुमी अन् मी सारखेच, भाऊ. उंची उरतच नाई."

"रोज इथूनच काहून? बाकीचं टेबल कायले हाये मंग?"

"आधी एका जागी हात बसू द्या."

समोर खिडकी होती. तिची वरची झडप फुगून घट्ट बसलेली, खालची नानाजीने उघडून ठेवली. दिव्याच्या धगीने गुदमरायला होतं, म्हणाला. उभ्या माणसाला त्या फटीतून काही दिसत नसे. वाकल्यावर मात्र थेट उभी ज्वारी दिसे, आणि ज्वारीतलं राखणदार चंपतचं मचाण.

"चंपत दिसून राह्यला मले," जगदेवराव वाकूनच म्हणाले.

"मंग बरोबर वाकले तुमी."

तेवढ्यात बाहेर बार उडाला. जगदेवराव दचकले, काठी घसरली. ज्वारीची कणसं भरली होती आणि दिवेलागणीला रानडुकरं उतरत. चंपतच्या ठासणीच्या बंदुकीत एका वेळी एकच बार भरता येई, पण डुक्कर दिसलं की त्याच्याने राहवत नसे. भर जेवणाच्या ताटावरूनही उठायचा, असं लोक चिडवत.

"बंदूक वाजली तरी मान हलू नये," नानाजी म्हणाला.

रात्री जेवायला वाढताना विजयमालेने, नानाजीच्या बायकोने, हळूच विचारलं, "कधी होईन मंग?"

"मान स्थिर झाली का झालं."

"माघाच्या आत झालं पायजे. अन् ज्वारी उभी हाये तोवर."

"माहीत हाये मले," तो म्हणाला आणि ताटावरून उठला.

जगदेवराव सुधारले. पावलं न बघता खुणांवर पडू लागली, डोकं दिव्याला लागेनासं झालं. भावावरचं त्यांचं प्रेम असं उतू जाऊ लागलं की ऐकणाऱ्याला लाज वाटावी. "नाना नसता तं मी सासऱ्यापुढं तोंड दाखवलं नसतं," ते जो भेटेल त्याला सांगत.

कापणी परवावर आली. त्या दिवशी दुपारी नानाजी मचाणाकडे जाऊन आला. दिवेलागणीला त्याने भावाला खुणांवर उभं केलं.

"आज शेवटचा धडा. घाई नाई. मी पाणी पिऊन येतो."

तो माजघरात जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला. बाहेर बार उडाला.

घरात कोणी हाक मारली नाही. नानाजी दारापर्यंत गेला. जगदेवराव टेबलावर वाकलेले होते, हनुवटी काठीवर, अगदी निश्चल.

"भाऊ?"

टक्क असा आवाज झाला. गोटी सरळ गेली आणि कोपऱ्यातल्या जाळीत पडली.

"पाह्यलं?" जगदेवराव लहान पोरासारखे हसत सरळ झाले. "इतका मोठा बार झाला, हललो का मी?"

"नाई," नानाजी म्हणाला.

"असा घाम काहून आला तुले? डुक्कर असंन." त्यांनी काठी त्याच्या हातात दिली आणि त्याला पाठीवर हात ठेवून खुणांपाशी आणलं. "आता तू दाखव. सारं तुह्यंच हाये हे. गुरूचा हात पाहू दे एकदा."

नाही म्हणावं तर भाऊ तोंडाकडेच बघत होते. बार तर उडून गेला होता. एका बारानंतर चंपत थांबणार नाही, तसाच पैनगंगेकडे निघून जाईल, हे नानाजीला पक्कं माहीत होतं. त्याने पाय फाकवले, गुडघा सैल सोडला, हनुवटी काठीवर टेकवली.

बाहेर ज्वारीत एक डुक्कर तडफडत होतं. मचाणावर चंपत स्वतःलाच शिव्या देत बंदूक पुन्हा ठासत होता. ठरलेल्या कामाचा बार त्याने डुकरावर घालवला होता. भरून झाल्यावर त्याने नेम धरला, नानाजीने दुपारी सांगितला होता तसा, खिडकीच्या खालच्या फटीवर, दिव्याच्या उजेडात वाकेल त्या डोक्यावर. डोकं खाली आलेलंच होतं, आणि मान अजिबात हलत नव्हती.