हे कशावरून?

"तूच गे ती मास्तरीण?" सत्यभामाबाईंनी दारातूनच विचारलं. तीन जिने चढून त्यांना धाप लागली होती, पण आवाज खणखणीत.

मुलुंडच्या त्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये गंधाली मॅडम नुकत्याच डबा उघडून बसल्या होत्या. त्यांनी आधी म्हातारीकडे पाहिलं, मग तिच्या मागे पिशवी छातीशी धरून उभ्या असलेल्या वनमालाकडे. वनमाला परब, वय सेहेचाळीस, एफ.वाय.ची विद्यार्थिनी, भांडुपहून येणारी आणि कायम पहिल्या बाकावर बसणारी.

"या माझ्या सासूबाई," वनमाला पुटपुटली. "तुम्हीच म्हणालात ना मॅडम, पुढच्या वेळी पुरावा घेऊन या. आणलाय."

आता बोला! मॅडमना हसावं की डोक्याला हात लावावा कळेना. तशी वनमाला व्याकरणात आता पक्की झाली होती. जूनमध्ये एकाच वाक्यात तीन काळांची खिचडी करणारी बाई आता स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी ठेवत होती. घोडं अडलं होतं निबंधावर. विषय तिचा तिनेच घेतला होता, 'गिरणगावातल्या खानावळी'. दोनदा लिहिला आणि दोन्ही वेळा परत आला. समासात लाल शाईने अकरा ठिकाणी एकच प्रश्न होता, 'हे कशावरून?' आज जमा करायचा शेवटचा दिवस. नाही केला, तर अंतर्गत गुण गेले आणि वर्षाची वाट लागली.

"माझ्या सुनेन खोटा लिवल्यान, असा वाटता तुका?" सत्यभामाबाई खुर्ची ओढून बसल्या.

"नाही हो आजी, खोटं नाही. पण निबंधात नुसतं म्हणून चालत नाही. जे म्हणू त्याला लेखी पुरावा लागतो."

"मग तू लिव. तुका लिवाक येता मां?"

शेजारच्या टेबलावरचे सुबोध सर खोकल्याचं निमित्त करून हसले. मॅडमनी डबा बंद केला. मनातून त्या थोड्या वरमल्या होत्या. मुलाखत हाही पुरावाच असतो, हे आपण वर्गात कधी सांगितलंच नाही, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. त्यांनी वनमालाचा निबंध समोर घेतला, पेन उघडलं.

"बरं. 'एका खोलीत सोळा गडी जेवत.' हे कशावरून?"

"मी वाढी म्हणान. सोळा. शिमग्याक निम्मे गावाक जात, तेवा आठ."

मॅडमनी लिहून घेतलं. एकामागून एक लाल प्रश्न सुटत गेले. वनमालाचा चेहरा असा फुलला होता की विचारू नका. दहा झाले. उरलं शेवटच्या परिच्छेदातलं तिचं सगळ्यात लाडकं वाक्य. मॅडमनी ते मोठ्याने वाचलं.

"'संपाच्या काळात माझ्या सासूबाईंनी आपली खानावळ एकटीने चालवली.' हे कशावरून?"

सत्यभामाबाईंनी पदराने कपाळ पुसलं.

"एकटी खंय?" त्या म्हणाल्या. "फाटे चारक उठान मासे कोण साफ करी? सुयोगाचे बापूस करीत. पीठ पण तेच मळीत. पडदो लावन. गिरणीतलो गडी चुलीकडे बसलो, म्हणान लोक हसतले ना."

वनमाला बघतच राहिली. सव्वीस वर्षं ती त्या घरात नांदत होती. सासरे म्हणजे मिशीवाले, हातात पाण्याचा तांब्या आयता लागणारे, एवढंच तिला ठाऊक. नवऱ्याने, सुयोगनेही कधी चकार शब्द काढला नव्हता. तिला सासऱ्यांचं एकदम फार वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं.

"आई, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत?"

"तू खंय इचारलंस?"

खरंच की. अख्खा निबंध तिने न विचारताच लिहिला होता. तिने मॅडमच्या हातातून पेन घेतलं आणि 'एकटीने' या शब्दावर स्वतःच काट मारली. "शेवट बदलावा लागेल, मॅडम. पाचपर्यंत वेळ आहे ना?"

"पाच कशाला, सहापर्यंत बसते मी," मॅडम म्हणाल्या. "आजी, पण हे पडद्यामागचं लिहिलेलं चालेल तुम्हाला?"

सत्यभामाबाईंनी पेनाकडे बोट केलं.

"लिव. आता हसाक कोण उरलो हा?"

मग मॅडमनी शेवटच्या पानावर संदर्भ कसा द्यायचा ते दाखवलं. परब, सत्यभामा. मुलाखत. मुलुंड. पुढे तारीख. "तुमच्या यजमानांचंही नाव मजकुरात हवं. काय त्यांचं नाव?"

वनमालाने तोंड उघडलं, पण सासूने हात वर करून तिला थांबवलं. लग्नातला उखाणा सोडला तर ते नाव सत्यभामाबाईंच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नव्हतं. रेशनच्या रांगेत नाही, हॉस्पिटलच्या खिडकीवर नाही. विचारलं की त्या कागद पुढे करायच्या. इथे कागद नव्हता. त्यांनी पदर सारखा करून डोक्यावर घेतला.

"धोंडिराम," त्या स्पष्ट म्हणाल्या. "धोंडिराम परब."

मॅडमनी मान खाली घालून ते अक्षर अक्षर नीट लिहिलं.

"लिवलंस?" सत्यभामाबाईंनी वाकून पाहिलं. वाचता येत नव्हतं, तरी पाहिलं. "आता इचार माका, ह्या कशावरून!"