सुरू न झालेला कॉम्प्युटर

कॉम्प्युटर सुरू झाला. मात्र तो सुरू झालाच नाही असं सगळ्यांनी धरून चालावं, कारण राजेसाब मिस्त्री तसंच धरून चालले.

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. सोलापुरातल्या एका गिरणीने मुंबईहून जुना कॉम्प्युटर आणला होता. गिरणीतून कोणाकोणाला कमी करायचं, ती यादी तो छापणार होता. पण आठवडा झाला तरी तो हूं की चूं करेना. तोही भोकं पाडलेल्या कार्डांवर चालतो, म्हणून मॅनेजरसाहेबांनी जकार्ड मागाच्या मिस्त्रींना बोलावलं.

"चादरीची नक्षी उठवणारी कार्डं तीस वर्षं चालवलीत. तुमच्या मागाचा चुलतभाऊच की हा," असं म्हणून साहेब जेवायला गेले.

मिस्त्रींनी झाकण उघडलं, आतली धूळ फुंकली आणि जळालेला फ्यूज बदलला. यंत्र घरघरलं, कागद बाहेर आला. मिस्त्रींना इंग्रजीत फक्त स्वतःचं नाव वाचता यायचं. ते पहिल्याच ओळीत होतं.

त्यांनी नवा फ्यूज काढून पानाच्या डबीत ठेवला. कागद घडी करून टोपीत घातला.

"काय मिस्त्री, उठलं का?" साहेबांनी परत येऊन विचारलं.

"न्हाय साहेब. वय झालंय त्याचं."

"मग तसं लिहून द्या."

मिस्त्रींनी लिहून दिलं : "सदर यंत्र वृद्ध असून त्याच्याकडून यापुढे काम होणे नाही. तरी त्यास कमी न करता, आहे त्या जागी अखेरपर्यंत राहू द्यावे, ही नम्र विनंती."