तीनशे ग्रॅम

शलाकानं नवाकोरा क्रँकशाफ्ट काट्यावर ठेवला, आकडा पाहिला आणि वडिलांकडे वळली. "आबा, ड्रॉइंगपेक्षा तीनशे ग्रॅम जास्त भरतोय."

"नजरचुकीनं राहिलं असेल."

चाळीस वर्षं क्रँकशाफ्ट घडवणाऱ्या आबांचा हात केसभरही चुकत नाही, हे अख्खं उद्यमनगर जाणून होतं. शाफ्ट जड असला की इंजिन वेग जरा सावकाश घेतं, आणि रविवारच्या शर्यतीत गाडी लेकच चालवणार होती.

"मी हरले तर चालेल तुम्हाला?"

आबांनी शाफ्ट पुन्हा मशीनवर चढवला. "तुझ्या आईनं गळ घातली, म्हणून ठेवलं," ते पुटपुटले.

मागच्या दारातून आई कडाडली, "मी तर अर्धा किलो ठेवा म्हणत होते! ह्यांनीच घासाघीस करून तीनशेवर आणलं."