स्क्रू की बटण

प्लास्टर उतरलं, तरी दादाचं डावं पाऊल लोंबतच राहिलं.

सर्जननी सांगितलं, वर उचलायला जाऊ नका, आत वळवायचा विचार करा. पाऊल आत वळवणारी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, त्यांनी सोडवून, तिने आता पाऊल वर उचलावं म्हणून, पुढच्या हाडात बसवली होती. जुना हुकूम दिल्याशिवाय ती ऐकणार नव्हती. दादाने दात-ओठ खाऊन हुकूम दिला. कपाळावर घाम आला. पाऊल तसूभरही हललं नाही.

धाकटी बहीण शेजारी उभी होती. कंडरा हाडात स्क्रूने आवळायची, की तिला ओवलेले दोरे तळव्यातून काढून बाहेर बटणाला बांधायचे, हेच तिचं प्रयोगशाळेतलं चार वर्षांचं काम. देहदानातून आलेली चोवीस पावलं तिने यंत्रावर ओढून पाहिली होती. स्क्रू सरस ठरला. सर्जननी तिचं ऐकलं. "मेलेल्यांना विचारून माझ्या पायाचा निकाल लावतेस होय गं, शास्त्रीणबाई?" असं म्हणून दादाने हसत संमतीच्या कागदावर सही ठोकली होती. तो रंगारी. शिडीच्या पायरीला पंजा अडकून दोनदा खाली आला, तेव्हा ठेकेदाराने स्पष्टच सांगितलं होतं, नीट चढता यायला लागलं की ये.

आता ती मनाशी एकच मागणं मागत होती. स्क्रू सुटलेला असू दे. चार वर्षांचं काम पाण्यात गेलं तरी चालेल. सुटलेलं पुन्हा बांधता येतं.

सोनोग्राफी झाल्यावर सर्जननी तिला एकटीलाच आत बोलावलं. पडद्यावर कंडरा दिसत होती, बसवली तशीच, ताठ. स्क्रू केसभरही सरकला नव्हता. मागचा स्नायूच निपचित पडला होता. नसा झिजवणारा दादाचा आजार थांबलाय, असं शस्त्रक्रियेआधी सगळ्यांना वाटलं होतं. तो थांबला नव्हता, फक्त सावकाश चालला होता. आणि आजार चालता असेल, तर स्क्रू लावा नाहीतर बटण, ओढणाराच उरणार नाही. पुढे काय, हे तिने विचारलं. दुसरा पाय, सर्जन म्हणाले, मग हात. कधी ते सांगता येत नाही. त्यांनी चष्मा काढून उगीचच पुसला. दादाला तुम्ही सांगता की मी, असं त्यांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, मी.

बाहेर लांबलचक व्हरांडा होता. तेवढ्या वाटेत तिने वाक्यं तीनदा जुळवली. दादा बाकावर बसला होता, कुबड्या भिंतीला टेकवून, एका पायात बूट, दुसरा उघडा. तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

"सुटलं का गं?"

जुळवलेली खरी वाक्यं तिने बाजूला ठेवली.

"सुटलं," ती म्हणाली. "चूक माझी झाली, दादा. बटण लावायला हवं होतं."

आजवर तिने एक आकडासुद्धा इकडचा तिकडे केला नव्हता. पण त्याला रागवायला कोणीतरी हवं होतं, आणि आजारावर रागावून माणूस जातो कुठे? चिडेल, आठवडाभर बोलणार नाही, तेवढे दिवस तरी पुढचं बघणार नाही. तिने मान खाली घातली आणि बोलणी खायची तयारी केली.

दादा चिडला नाही. उलट बऱ्याच दिवसांनी त्याचा चेहरा सैल झाला. एवढंच ना, म्हणाला, चुकतं माणसाचं. मग वाकून त्याने उजव्या पायातला बूट काढला. तपासतानाही तो त्याने काढू दिला नव्हता. पाय गुडघ्यातून उचलून त्याने तिच्यासमोर धरला. पाऊल खाली लोंबलं.

"महिना झाला. म्हटलं, आधी तुझा स्क्रू काय करतो ते बघू, मग सांगू. याला आपण बटणच लावू."