मोजणीचा बुधवार

सुपीरियर सरोवराकाठच्या आमच्या राज्यात ऑक्टोबरातल्या एका बुधवारी शाळेत जेवढी पोरं दिसतील, तेवढ्यांचेच पैसे सरकार देतं. म्हणून त्या दिवशी शाळा पोरांना पॅनकेकची लालूच दाखवतात. यंदा पोरं कमी भरली तर आमच्या शाळेला कुलूपच लागणार होतं.

त्या सकाळी सरोवराचं धुकं थेट वर्गात शिरलं. ते विरलं तेव्हा मागच्या चिमुकल्या खुर्च्यांवर गावातली मोठी माणसं बसलेली दिसली. गुडघे हनुवटीला टेकलेले, बोटं मेपलच्या पाकानं चिकट, आणि सगळी कशी गुपचूप, झोपेत चालत आल्यासारखी.

मोजायला आलेला सरकारी साहेब शिक्षिकेवर खवळला. "नीमी बाई, हा काय तमाशा? या तुमच्या पोराला टक्कल पडलंय!"

"त्याला अजून वाचता येत नाही, साहेब," बाई म्हणाल्या.

"मग लहानपणी शाळेत का नाही आला?"

टकला डॅरिल उठला, तर खुर्चीही त्याच्यासोबत उठली. ती तशीच मागे धरून तो हळूच म्हणाला, "आलो होतो की. बुधवारी तुमच्याच लोकांनी मोजलं मला. गुरुवारपासून कुणी विचारलंच नाही."