भीती निम्मी ठेवा

शाल्मलीच्या डोक्यावर यंत्राची टोपी चढवून डॉक्टर ढवळेबाईंनी यंत्राचा पडदा घरच्यांकडे वळवला. मुलांच्या उपचाराचा आराखडा घरच्यांनी मिळून ठरवायचा, असा नियमच होता. मनातली कुठली भावना किती ठेवायची, तेवढी तिची पडद्यावरची पट्टी बोटानं सरकवली की झालं.

"रडणं पूर्ण काढा," आई म्हणाली.

"झोप वाढवा, पण सुट्टीपुरतीच," आत्यानं सुचवलं.

बाबांनी भीतीची पट्टी निम्म्यावर आणून थांबवली. "एवढी राहू दे. दहावीचं वर्ष आहे. सगळीच काढली तर ही पुस्तक उघडायची नाही."

शाल्मली भडकली. "त्याच भीतीनं मी सहामाहीला कोरा पेपर दिला, बाबा. आणि डोकं माझं आहे, मला कुणी विचारणार आहे का?"

"बरं, सांग. काय कमी करू?" बाबा म्हणाले.

"जेवताना 'किती पडले' विचारणं."

"यंत्रात तशी पट्टी नाही गं," डॉक्टर म्हणाल्या.

"यंत्रात नसेल. बाबांच्यात असेल."

आत्या फिसकन हसली. डॉक्टरांनी मात्र आराखड्यात पहिलं काम बाबांच्या नावावर टाकलं.

"मग जेवताना हिच्याशी बोलायचं काय?" बाबांनी विचारलं.

त्यांना खरंच सुचत नव्हतं, आणि शाल्मलीला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला.