रान वर चढेल तेव्हा

"हे तूच लावलंयस," वार्वारा म्हणाली.

घोड्यावरून उतरल्यावरही तिचा श्वास अजून जागेवर आला नव्हता. समोर कावळ्यांचा खडक होता. त्याच्या कुशीत, जिथे नुसतं गवत आणि वारा असायचा, तिथे एक स्प्रूसचं, सुईसारख्या पानांचं झाड उभं होतं. तिच्या डोक्याइतकं उंच, चांगलं बाळसेदार. भोवती काटेरी फांद्यांचं कुंपण.

"मी कशाला लावू?" सिमियोन घोडा बांधत म्हणाला. "आपलं आपण आलंय. मी फक्त मेंढ्यांना लांब ठेवलं."

"खोटारडा. लहानपणापासूनचा."

"जन्म मेंढ्यांत गेला माझा. खोटं बोलायचं तरी कुणाशी?"

एरवी ती हसली असती. पण येत्या शनिवारी ती कायमची मुलीकडे निघाली होती, इटलीला. घराची किल्ली पुतण्याकडे द्यायची ठरली होती, कोंबड्या शेजारणीने नेल्यासुद्धा होत्या. जाण्याआधी एकदा वर चल, एवढंच सिमियोन म्हणाला होता. आणि वर आणून त्याने तिला तिच्याच शब्दासमोर उभं केलं होतं.

बावन्न वर्षं झाली त्या शब्दाला. मे महिन्यातला दूध मोजायचा सण होता. कुणाच्या मेंढ्या किती दूध देतात ते त्या दिवशी साऱ्या गावासमोर मोजायचं आणि उन्हाळ्याच्या चीजमधला ज्याचा त्याचा वाटा ठरवायचा. त्या दिवशी तोंडातून गेलेला शब्द कुणी मागे घेत नाही. तिथेच, सगळ्यांसमोर, सिमियोनने तिला मागणी घातली. वार्वारा एकोणीस वर्षांची होती, हातात दुधाची बादली होती आणि जीभ तिखट होती. ती म्हणाली, "कावळ्यांच्या खडकाशी झाड उगवेल ना, तेव्हा करीन तुझ्याशी लग्न!"

गाव पोट धरधरून हसलं. त्या गावात 'रान वर चढेल तेव्हा' म्हणजे कधीच नाही. रान मेंढपाळांच्या झोपडीपाशी संपतं, त्याच्या वर झाड जगत नाही, हे आजीच्या आजीलाही ठाऊक होतं. जून अर्धा सरेपर्यंत खडकाशी बर्फ असायचा. त्यात कोण तग धरणार? शरद ऋतूत तिने दुमित्रूशी लग्न केलं आणि एकोणपन्नास वर्षं सुखाने संसार केला.

आता मे लागतो तोच बर्फ गेलेला असतो. आज वर येताना तिने खालचं रानही पाहिलं होतं. ज्या झाडांखाली ती लहानपणी अळंबी वेचायची, ती उभ्या उभ्या तपकिरी झाली होती. साली गळल्या होत्या, आत किड्यांनी नक्षी कोरली होती. जी ऊब खालच्या झाडांच्या मुळावर आली, तिनेच या एकाला इथे वर वाढवलं होतं.

ती पुढे झाली. स्प्रूसचं वय विचारावं लागत नाही. दर वर्षी तो फांद्यांचं एक कडं धरतो. शेंड्यापासून खाली एकेका कड्यावर बोट ठेवत ती मोजू लागली. वरची कडी वीत वीत अंतरावर होती. खालची दाटीवाटीने, बोट बोट अंतरावर. थंडीतली कष्टाची वर्षं ती. शेवटची मोजताना तिला गुडघ्यांवर बसावं लागलं.

"तेवीस," ती म्हणाली. आणि तिचा चेहरा बदलला. "दुमित्रूला जाऊन तीनच वर्षं झाली."

सिमियोन कुंपणाची एक निसटलेली फांदी परत खोचू लागला.

"दर उन्हाळ्यात घरटी एक माणूस कुदळ घेऊन वर येतो. कुरणात रोप दिसलं की उपटायचं, नाहीतर मेंढ्यांनी खायचं काय! तू तर मेंढपाळांचा म्होरक्या. हजारो उपटलीस. हेच का ठेवलंस? माझा माणूस जिवंत असताना तू हे राखत बसलास? त्याच्या मरणावर टपून?" तिचा आवाज चिरकला. "याचसाठी आणलंस होय मला? चल, घोडा सोड. मला खाली जायचंय."

सिमियोनने डोक्यावरची टोपी काढली.

"मी उपटतच होतो, वार्वारा. खडकाच्या आडोशाला होतं, सात वर्षं कुणाला दिसलंच नाही. वीतभर होतं. कुदळ उगारली होती मी. त्या वर्षी तुमच्या घरातून दुमित्रू आला होता."

"तो कसला येतोय? नुकताच हृदयाच्या झटक्यातून उठला होता तेव्हा. मी नको नको म्हणत होते."

"तरी आला. चार पावलं चालायचा, बसायचा. इथवर आला आणि त्याने माझ्या कुदळीचा दांडा धरला. हे कुंपणसुद्धा पहिलं त्यानेच घातलं."

"का?"

"मीही हेच विचारलं. म्हणाला, 'एवढं एक राहू दे, सिमियोन. ती शब्दाची पक्की आहे, आणि मी काही तिला शेवटपर्यंत पुरणार नाही.'"

वारा गवतावरून गेला. वार्वाराने गुडघ्यांवर बसूनच डोईचा रुमाल सोडला, त्याने डोळे पुसले, नाक पुसलं आणि तो परत नीट बांधला.

"पोरीला फोन लावायचाय," ती म्हणाली. "इथे रेंज कुठे मिळते रे?"